परवान्याची बंदूक आणि तिचा आवाज

कल्याणजवळच्या आमच्या मोहन्यात ‘सायलेन्सर’ म्हटलं की डोळ्यांपुढे बुलेट येते. रात्री अकराला एखादा पोरगा फट-फट करत आंबिवलीच्या दिशेने जातो, चाळीतली म्हातारी माणसं दचकून उठतात आणि दुसऱ्या दिवशी तक्रार होते. बंदुकीलाही सायलेन्सर असतो हे आपल्याला सिनेमानं शिकवलं. कायदा त्याबद्दल काय म्हणतो, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो 2024 च्या लोकसभा निवडणुकीआधी, रिक्षात बसलेलो असताना.

आमच्या शेजारचे काका फौजेतून निवृत्त झाले, मग पंधरा-सोळा वर्षं बंदूकधारी पहारेकरी म्हणून नोकरी करून घरी बसले. त्यांच्याकडे बारा बोरची दुनळी आहे, परवान्याची. आचारसंहिता लागल्यावर ती जमा करण्याची नोटीस आली. काकांनी बंदूक दोन भागांत सोडवली, ताडपत्रीच्या खोळीत घातली, काडतुसं वेगळ्या डब्यात मोजून ठेवली आणि मला सोबत घेतलं. रिक्षात त्यांचा कॉलेजात शिकणारा नातू होता. त्यानं सहज विचारलं, “आजोबा, हिला सायलेन्सर लावता येतो का?” काकांनी खोळीवरचा हात काढला नाही. म्हणाले, “लावायचं सोड. नुसता खिशात सापडला तरी आत जाशील.”

मला वाटलं, काका पोराला भीती घालताहेत. घरी येऊन शस्त्र अधिनियम काढून वाचला तेव्हा कळलं की काकांचं बोलणं कायद्याला धरूनच होतं.

शस्त्र अधिनियम 1959 सालचा, 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झालेला. त्याच्या दुसऱ्या कलमात ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या आहे. बंदूक, पिस्तूल, तोफ हे सगळं त्यात येतंच. पण त्याच व्याख्येच्या पोटात गोळी झाडताना होणारा आवाज किंवा उडणारा जाळ कमी करण्यासाठी बनवलेलं किंवा तसं रूपांतर केलेलं उपसाधनही आहे. म्हणजे आपल्याकडे सायलेन्सर हा बंदुकीचा दागिना नाही. कायद्याच्या नजरेत ती धातूची नळी स्वतःच अग्निशस्त्र आहे, शेजारी बंदूक असो वा नसो. मग तिसरं कलम लागतं: परवान्याशिवाय अग्निशस्त्र जवळ बाळगायचं नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत हत्यारांचे वर्ग पाडले आहेत. त्यातही आवाज दाबणाऱ्या साधनांची जागा साध्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या तिसऱ्या वर्गात नाही. ती निषिद्ध आणि लष्करी बनावटीच्या हत्यारांबरोबर पहिल्या वर्गात आहे. काकांच्या दुनळीचा परवाना त्या नळीला पुरत नाही. आणि स्वसंरक्षणाचं कारण पुढे करून सायलेन्सरचा परवाना मागणाऱ्या सामान्य माणसासाठी व्यवहारात दार बंदच आहे.

शिक्षेचं गणितही याच व्याख्येवरून मांडलं जातं. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांचा कारावास आहे. अग्निशस्त्र विनापरवाना तयार करणं त्याहून फार गंभीर: किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. आपल्या पट्ट्यात लेथ मशिनवर हात बसलेले कारागीर पुष्कळ आहेत. इथली एनआरसी कंपनी 2009 मध्ये बंद पडल्यावर कितीतरी कुशल हात छोट्या गाळ्यांत विखुरले. त्यांच्यापैकी कुणाकडे कोणी ओळखीनं अशी नळी वळून मागितली, तर ते मोटारसायकलच्या कामासारखं किरकोळ काम नव्हे, एवढं तरी त्या गाळ्यापर्यंत पोचलं पाहिजे. मागणारा निघून जातो आणि गुन्हा बनवणाऱ्याच्या नावावर लागतो.

या साधनाचा इतिहास फार जुना नाही. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्यानं 1909 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नळीतून सुटणारा तप्त वायू एकदम बाहेर न सोडता कप्प्याकप्प्यांतून थंडावत सोडायचा, हे त्यामागचं तत्त्व. मोटारीचा सायलेन्सरही त्याच कल्पनेवर चालतो. सिनेमात ऐकू येतो तसा ‘फिस्’ आवाज मात्र प्रत्यक्षात होत नाही. साध्या बंदुकीचा बार 140 ते 170 डेसिबलच्या घरात असतो आणि सायलेन्सर त्यातले साधारण 20 ते 35 डेसिबल कमी करतो. उरलेला आवाजही कानठळ्या बसवणाराच, पण कुठून आला ते ओळखणं अवघड करणारा.

त्याच 1909 साली, 21 डिसेंबरला, नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी होतं. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी आपल्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. तेव्हा राज्य होतं लॉर्ड लिटनच्या काळातल्या 1878 च्या शस्त्र कायद्याचं. 1857 नंतर या देशातल्या माणसाच्या हातात हत्यार नको, हा त्याचा हेतू उघड होता, म्हणून राष्ट्रीय चळवळीनं त्या कायद्याविरुद्ध सतत आवाज उठवला. 1931 च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पण 1948 च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी तो हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली तेव्हा ती फेटाळली गेली. डॉ. आंबेडकरांचाही तिला विरोध होता. फाळणीचा रक्तपात डोळ्यांसमोर असलेल्या सभेनं विचारपूर्वक घेतलेला तो निर्णय आहे, आणि तो बरोबर होता असं मी मानतो. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठानं बेकायदा शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हाही हा फरक सांगितला: अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा घटनादत्त हक्क आहे, भारतात तसा हक्क कुणालाच दिलेला नाही.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथल्या आपल्या माणसांसाठी दोन गोष्टी. ‘नोंदणीकृत सायलेन्सर’ हा शब्दच मुळात तिथला. 1934 च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्यानं सायलेन्सरवर 200 डॉलरचा कर आणि केंद्रीय नोंदणी लादली. तो कर 2025 च्या कायद्यानं शून्यावर आणला आणि 1 जानेवारी 2026 पासून तो बदल लागू झाला. नोंदणी मात्र कायम आहे. बेचाळीस राज्यांत असा नोंदवलेला सायलेन्सर बाळगता येतो. मराठी वस्ती दाट असलेल्या न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि न्यूयॉर्क या राज्यांत मात्र त्यावर बंदी आहे. टेक्सासमध्ये कायदेशीर असलेली वस्तू गाडीच्या डिकीत टाकून न्यू जर्सीतल्या एडिसनला भावाकडे नेली तर तो गुन्हा ठरतो. शिवाय एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूकच बाळगता येत नाही, मग सायलेन्सर दूरच. सुट्टीत गावी येताना अशी वस्तू सामानात आणायचा विचारही कुणी करू नये. इथे ती विमानतळावरच अग्निशस्त्र ठरते.

आता आपल्या हद्दीत येऊ. मोहन्यातल्या माणसाला बंदुकीचा परवाना हवा असेल तर त्यानं कुठं जायचं? पुष्कळ जण सांगतात, कलेक्टर कचेरीत. तसं नाही. शस्त्र अधिनियमात ‘जिल्हा दंडाधिकारी’ या शब्दाचा अर्थ पोलीस आयुक्तालय असलेल्या भागापुरता पोलीस आयुक्त असा आहे. मोहने खडकपाडा पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं, खडकपाडा कल्याणच्या परिमंडळ 3 मध्ये आणि ते परिमंडळ ठाणे पोलीस आयुक्तालयात. म्हणून इथला परवाना ठाण्याचे पोलीस आयुक्त देतात. तोच माणूस मुरबाड किंवा शहापूरकडच्या गावात राहत असेल तर तिथं ग्रामीण पोलीस, आणि परवाना देणारे ठाण्याचे जिल्हाधिकारी.

अर्ज ठरलेल्या नमुन्यात, शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय संगणक प्रणालीवर नोंदवून करायचा. वय 21 पूर्ण हवं. सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण झाल्याचा दाखला लागतो आणि वैद्यकीय दाखला लागतो; त्यात मानसिक स्वास्थ्याचाही उल्लेख हवा. मग पोलीस ठाण्याकडून चौकशी: गुन्हे आहेत का, घरात भांडणं आहेत का, शेजारी काय म्हणतात, जिवाला धोका आहे असं अर्जदार म्हणतो त्याला काही आधार आहे का. या चौकशीसाठी 2016 च्या शस्त्र नियमांनी 30 दिवसांची मुदत घातली आहे. नकार द्यायचा तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि त्याविरुद्ध अपील करता येतं. या कायद्यातली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. बंदूक ही श्रीमंतांची मिरवायची वस्तू असावी असं कायद्याला कधीच वाटलेलं नाही. तळकोकणातल्या शेतकऱ्याच्या पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक आणि काकांसारख्या पहारेकऱ्याची बारा बोर, दोन्हीला त्यानं जागा ठेवली आहे.

परवाना मिळाल्यावरचे नियम मात्र फार थोड्यांना ठाऊक असतात. एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं. 2019 पूर्वी ही मर्यादा तीन होती. आजोबांची बंदूक वारशानं आली तरी मर्यादा दोनचीच. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. परवाना ज्या क्षेत्रापुरता दिला आहे, म्हणजे जिल्हा, राज्य किंवा देश, त्याबाहेर हत्यार नेलं की अटीचा भंग. सार्वजनिक ठिकाणी नेताना ते म्यानात किंवा खोळीत, झाकलेलं, आपल्या ताब्यात. हातात धरून दाखवायचं नाही. पोलिसानं मागितलं तर परवाना दाखवायचा. हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला कोणी नेत असेल तर परवानाधारक सोबत हवा, नाहीतर त्याचं लेखी अधिकारपत्र हवं. लग्नात, हळदीत, मिरवणुकीत हवेत बार काढणं हा 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तलवारीनं वाढदिवसाचा केक कापून त्याची चित्रफीत फिरवणाऱ्या पोरांनीही हे लक्षात घ्यावं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरगुती, शेतीची वा कारखान्याची नसलेली हत्यारं शस्त्र नियमांत वेगळी नोंदलेली आहेत. आयुक्तांचा मनाई आदेश लागू असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं 37 (1) आणि 135 ही कलमंही जोडीला लागतात.

हे सगळं कागदावर नेटकं आहे. माझी तक्रार कायद्याच्या शब्दांबद्दल नाहीच. परवाना एकदा हाती पडला की त्या माणसाकडे पुन्हा कोण पाहतं, हा माझा प्रश्न आहे.

2 फेब्रुवारी 2024 च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, द्वारली गावच्या जमिनीच्या वादातून गोळीबार झाला. तेव्हाचे कल्याण पूर्वचे आमदार गणपत गायकवाड त्यात आरोपी आहेत, शिवसेनेचे महेश गायकवाड गंभीर जखमी झाले. खटला न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण हत्यार परवान्याचं होतं. आमच्याच आयुक्तालयात, पोलिसांच्या खुर्चीसमोर. त्यानंतर सहाच दिवसांनी, 8 फेब्रुवारीला, दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या झाली. मारणाऱ्यानं वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला. परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचं. हत्यार हातातून हातात जाऊ नये म्हणून घातलेली अट मोडली की काय होतं, हे सगळ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिलं. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरच्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी लागली. तिथं वैर नव्हतं, वाद नव्हता. हत्यार भरलेलं होतं, एवढंच.

मग बीड. सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाल्यावर त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या आसपास शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं आणि छाननी सुरू झाली, अनेक परवाने रद्द झाले. रद्द करण्याचा अधिकार सतराव्या कलमात 1959 पासूनच आहे. परवानाधारक अयोग्य ठरला, त्यानं माहिती लपवली, अट मोडली किंवा सार्वजनिक शांततेसाठी गरज पडली, तर परवाना काढून घेता येतो. तो अधिकार वापरायला एका सरपंचाचा जीव जावा लागला, याचं मला दुःख आहे. छाननी ही खुनानंतरची धावपळ असू नये. पाच वर्षांची मुदत वाढवून देताना नव्या अर्जाइतकीच बारकाईनं पोलीस ठाण्यानं चौकशी केली, दरम्यान दाखल झालेला प्रत्येक गुन्हा परवाना शाखेकडे आपोआप पोचला, तर पुष्कळ हत्यारं वेळेत जमा होतील. संगणकावर प्रत्येक परवान्याला वेगळा ओळख क्रमांक दिलेला आहेच. त्या क्रमांकाची गुन्ह्यांच्या नोंदीशी गाठ घालून देणं, हे काम करण्यासारखं आहे.

तरीही आकड्यांत पाहिलं तर महाराष्ट्र हे बंदुकांचं राज्य नाही. 2016 अखेर देशात साडेतेहतीस लाखांहून थोडे अधिक परवाने होते. त्यांतले पावणेतेरा लाखांहून जास्त एकट्या उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात सुमारे 84 हजार. जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 या काळात भलत्याच लोकांना दिल्याचा आरोप असलेल्या पावणेतीन लाखांच्या घरातल्या परवान्यांची सीबीआयनं चौकशी केली. हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे, कारण मुंबई-ठाण्यात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या कितीतरी गरीब माणसांची रोजी परराज्यातल्या परवान्यावर चालते. परवाना खरा की खोटा, इथं चालतो की नाही, याची पडताळणी नेमणूक करणाऱ्या एजन्सीनं करायची असते. पण गुन्हा दाखल होतो तेव्हा कोठडीत बसतो तो बारा हजारांवर राबणारा पहारेकरी, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. बँक, सोसायटी, सराफाची पेढी, जो कोणी बंदूकधारी माणूस दारात उभा करतो, त्यानं त्याचा परवाना स्वतः पाहिलाच पाहिजे: क्षेत्र कुठलं, मुदत कधीपर्यंत, हत्याराचा क्रमांक तोच आहे का.

परवान्याच्या बंदुकांपलीकडे गावठी कट्ट्यांचं जग आहे. ते परप्रांतातून रेल्वेनं येतं, खाडीपुलाखाली किंवा लॉजवर सापळा लावून पकडलं जातं, आणि बातमीत दोन जिवंत काडतुसांसह छापून येतं. तिथं अर्ज नाही, मुदत नाही, छाननी नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये अंबरनाथला बैलगाडा शर्यतीच्या वैरातून भर दिवसा गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा या भागात हत्यारं किती सहज बाहेर निघतात हे दिसलं. सायलेन्सरची मागणी उद्या आली तर ती याच जगातून येईल. शिकारचोरालाही तोच हवा असतो, कारण जंगलात बार झाला की वनरक्षकाला दिशा कळते. गोळीचा आवाज हा शेजाऱ्याचा, पाहणाऱ्याचा, पोलिसाचा एकमेव इशारा असतो. तो दाबणारी वस्तू कायद्यानं बंदुकीच्या बरोबरीनं मोजली, ते मला पूर्णपणे पटतं. नेमबाजीच्या मैदानावर कान सांभाळायचे तर कानावर मफ लावतात. पॅरिसला 2024 मध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे किंवा तेजस्विनी सावंत यांच्या खेळाचं सायलेन्सरवाचून काहीही अडलेलं नाही.

निवडणुकीत हत्यारं जमा करण्याबद्दलही एक गैरसमज काढून टाकायला हवा. सरसकट सगळ्यांनी बंदुका आणून टाकाव्यात असं कायदा सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं 2009 मध्येच त्याबद्दल बजावलं आहे, आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार छाननी समितीनं प्रत्येक परवानाधारकाचा विचार करायचा असतो. बँकेच्या पहाऱ्यावरच्या माणसाला आणि नोंदणीकृत नेमबाजाला सूट मिळू शकते. काका आता कुणाच्या पहाऱ्यावर नसल्यामुळे त्यांनी हुज्जत घातली नाही.

त्या दिवशी पोलीस ठाण्यात हवालदारांनी बंदुकीच्या नळीवरचा क्रमांक भिंगाशिवाय वाचण्याचा दोनदा प्रयत्न केला, मग काकांनीच तो पाठ म्हणून दाखवला. काडतुसं टेबलावर ओळीनं उभी करून मोजली. खोळीला चिठ्ठी बांधली. पावतीवर क्रमांक, बोर, काडतुसांची संख्या आणि शिक्का पडला. काकांनी पावती चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवली.

परत येताना मी विचारलं, वारसाचं काय ठरवलंत? सत्तरी ओलांडली किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं की परवानाधारक हयात असतानाही वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो, आणि काकांच्या बाबतीत दोन्ही पूर्ण झालं होतं. काका म्हणाले, “मुलगा नको म्हणतो. कोण घरात लहान पोरांच्या जवळ ठेवणार? निकालानंतर घेऊन येतो, आणि या खेपेला मुदत वाढवायची नाही.” त्यांनी ती वाढवली नाही. निकालानंतर बंदूक घरी आली, काकांनी ती शेवटची उघडली, नळ्यांतून तेलाचा बोळा फिरवला, उजेडाकडे धरून आतून पाहिली आणि परवान्याची वही, काडतुसं आणि जुन्या सगळ्या पावत्या एकत्र बांधून ती कायमची जमा करायला रिक्षा बोलावली.